जहाजाची सफर : आधी हिशेब, मग समुद्र

नाशिक फाट्याजवळ एका मोठ्या फलकावर जहाजाचे चित्र लागले होते. चाकणकडून येणाऱ्या कामगारांच्या बसगाड्या तेथे रोज संध्याकाळी गर्दीत अडकतात. त्यामुळे ते चित्र आम्ही सर्वांनीच अनेकदा पाहिले होते. पण त्याबद्दल पहिला प्रश्न विचारला तो आमच्या एका सहकाऱ्याच्या आईने. आजींचे वय सत्तरीच्या पुढे आहे. १९७२ च्या दुष्काळात, लग्नाला वर्षही झाले नसताना, त्या उस्मानाबादकडून, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातून, पतीबरोबर पिंपरीला आल्या. या पट्ट्यात कारखाने उभे राहत होते तेव्हा त्यांच्या बांधकामांवर त्यांनी पाट्या वाहिल्या. त्यांनी विचारले, "एवढी सात मजली बिल्डिंग पाण्यावर ऱ्हाती कशी? आन् तिच्यात आपल्यासारखी मानसं बसत्यात का?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आठवीत शिकणाऱ्या नातवाने दिले. लोखंडाचा गोळा बुडतो, पण लोखंडाची घमेली तरंगते. कारण जहाज आपल्या पोकळ पोटाने जेवढे पाणी बाजूला सारते, त्या पाण्याच्या वजनाइतके ते वर उचलले जाते. आजींनी आयुष्यभर घमेली उचलली होती, त्यांना हे लगेच पटले. दुसऱ्या प्रश्नाला मात्र आमच्यापैकी कोणाकडेच उत्तर नव्हते. ते शोधता शोधता पिंपरी, भोसरी आणि चाकण येथील आम्ही सहा कुटुंबे एकत्र आलो, चौदा महिने तयारी केली आणि गेल्या हिवाळ्यात दोन रात्रींची जहाजाची सफर करून आलो. या तयारीत आम्ही जे शिकलो, चुकलो आणि सुधारले, ते वाचक बंधू-भगिनींच्या उपयोगी पडावे म्हणून येथे लिहीत आहोत.

ते बंदर आपल्यालाही परके नाही

मुंबईचे बॅलार्ड पियर म्हटले की आपल्याला वाटते, हे श्रीमंतांचे ठिकाण. पण याच मुंबई बंदरातून डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली उच्च शिक्षणासाठी अमेरिकेला निघाले. पहिल्या गोलमेज परिषदेसाठी ४ ऑक्टोबर १९३० रोजी ते 'व्हाइसरॉय ऑफ इंडिया' या बोटीने गेले आणि दुसऱ्या परिषदेसाठी १५ ऑगस्ट १९३१ रोजी 'मुलतान' या बोटीने. त्यांचा प्रवास मौजेचा नव्हता, आपला मौजेचा आहे, हा फरक आम्ही विसरत नाही. पण त्या बंदरात बिचकून उभे राहण्याचे आपल्याला कारण नाही, एवढे मात्र यातून निश्चित होते.

कोकणातल्या माणसाला तर बोट कधीच नवी नव्हती. गिरणगावातला चाकरमानी वर्षानुवर्षे भाऊच्या धक्क्यावरून बोटीने गावी जात असे. पुढे ती वाहतूक बंद पडली आणि बोटीचा प्रवास ही चैनीची वस्तू झाली. २०१८ मध्ये 'आंग्रिया' हे प्रवासी जहाज मुंबई ते गोवा सुरू झाले, पण ते फार काळ चालले नाही. २०२१ मध्ये कॉर्डेलिया कंपनीने 'एम्प्रेस' या मोठ्या जहाजाच्या देशांतर्गत सफरी मुंबईहून सुरू केल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये बॅलार्ड पियर येथे नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन झाले. तेथे तपासणीसाठी ७२ खिडक्या आहेत. थोडक्यात, जहाजे आहेत, धक्का आहे. आता प्रश्न उरतो तो आपल्या खिशाचा.

आधी हिशेब

पहिल्याच बैठकीत एकाने सुचवले की पतसंस्थेतून कर्ज काढू आणि दिवाळीच्या बोनसमधून फेडू. आम्ही त्याला स्पष्ट नकार दिला. घर, शिक्षण आणि आजारपण यांसाठी कर्ज काढावे लागते, ते वेगळे. दोन रात्रींच्या मौजेसाठी दोन वर्षे हप्ते भरणे शहाणपणाचे नाही. त्याऐवजी आम्ही भिशीसारखी पद्धत ठरवली. दरमहा घरटी ३,००० रुपये, चौदा महिने, म्हणजे ४२,००० रुपये. पैसे दोन सह्यांच्या बँक खात्यात ठेवायचे आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी वही सर्वांसमोर वाचायची. एवढ्या पैशात सबंध कुटुंब जाऊ शकत नव्हते, म्हणून घरटी दोघांनीच जायचे असे ठरले. कोणी पती-पत्नी, कोणी आई आणि मुलगा. मुलांनी तोंडे वाकडी केली. त्यांची समजूत कशी काढली ते पुढे येईल.

जाहिरातीतील आकड्याबाबत विशेष सावध राहा. ठळक अक्षरात छापलेली रक्कम बहुधा 'दोघांच्या खोलीत प्रत्येकी' अशी असते आणि तिच्यात जीएसटी, बंदर आकार व सेवा आकार धरलेले नसतात. आमच्या भागातील एका एजंटाने आम्हाला नुसता मूळ दर सांगून आगाऊ रक्कम मागितली. आम्ही 'एकूण किती ते कागदावर लिहून द्या' म्हटल्यावर तोच आकडा जवळजवळ तिसऱ्या हिश्शाने वाढला. तेव्हापासून आम्ही एक नियम केला : सर्व कर व आकार मिळून शेवटचा आकडा लेखी हाती आल्याशिवाय एक रुपयाही द्यायचा नाही. पैसे देताना ते कंपनीच्या खात्यावर द्या, एजंटाच्या स्वतःच्या खात्यावर नको, आणि पावती घ्या. तिकीट रद्द केल्यास किती पैसे कापले जातात तेही त्याच वेळी विचारा. सफरीची तारीख जवळ येईल तसा परतावा कमी होत जातो आणि शेवटच्या दिवसांत काहीच मिळत नाही, असा बहुतेक ठिकाणी नियम असतो.

खोल्यांचे साधारण तीन प्रकार असतात : बिनखिडकीची, खिडकीची आणि गॅलरीची. आम्ही बिनखिडकीची घेतली. खोलीत फक्त झोपायचे असते. समुद्र पाहायला वरचा डेक सर्वांना सारखाच मोकळा आहे, तेथे बिनखिडकीवाला आणि गॅलरीवाला एकाच कठड्याला टेकून उभे राहतात. एकच माणूस एका खोलीत राहिला तर त्याला जवळजवळ दोघांचे भाडे पडते. उलट त्याच खोलीत तिसरा-चौथा माणूस असला तर त्याचा दर बहुधा कमी असतो.

रजा आणि तारीख

शनिवार-रविवारच्या व सणासुदीच्या सफरी महाग असतात, आठवड्याच्या मधल्या दिवसांच्या बहुधा स्वस्त. आपल्या पट्ट्यात अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. एरवी ही सुट्टी नातेवाइकांच्या लग्नकार्याला आडवी येते, पण जहाजाच्या तिकिटाला ती फायद्याची ठरली. गुरुवारला जोडून दोन दिवसांची रजा घेतली की काम झाले.

रजेबद्दल कंत्राटी कामगार बंधूंनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. १९४८ च्या कारखाना कायद्यात भरपगारी वार्षिक रजेसाठी वर्षात २४० दिवस काम केल्याची अट होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितेत ती १८० दिवसांवर आली आहे. दर वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस रजा, हे प्रमाण कायम आहे. तेव्हा 'कंत्राटी माणसाला रजा नसते' असे मुकादमाने सांगितले म्हणून गप्प बसू नका. आपले हजेरीचे दिवस मोजा आणि रजेचा अर्ज लेखी द्या.

ऋतूचाही विचार करा. जून ते सप्टेंबर अरबी समुद्र खवळलेला असतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने सर्वांत शांत, म्हणून वृद्ध माणसे बरोबर असतील तर हेच निवडावेत.

कोणती सफर घ्यावी हेही नीट समजून घ्या. काही जहाजे नुसती खोल समुद्रात जाऊन मुंबईलाच परततात, मध्ये कोठेही उतरायचे नसते. आम्ही हीच घेतली, कारण ती सर्वांत लहान आणि स्वस्त होती. काही सफरी गोव्याच्या मार्मागोवा बंदराला लागतात. लक्षद्वीपच्या सफरीत मोठे जहाज बेटाला लागू शकत नाही, लहान होडीत उतरून किनारा गाठावा लागतो. गुडघे दुखणाऱ्या माणसाने हे आधीच लक्षात घ्यावे. शिवाय लक्षद्वीपला जायला भारतीय नागरिकालाही परवाना लागतो, तो कंपनी काढून देते का ते विचारून घ्यावे. परदेशी बंदराला लागणारी सफर असेल तर पासपोर्ट हवाच, आणि त्या देशाप्रमाणे व्हिसाही.

कागदपत्रे

येथे आमची पहिली फजिती झाली. आमच्यातील एका वहिनींच्या आधार कार्डावर माहेरचे नाव होते आणि तिकिटावर सासरचे. तिकीट काढून झाल्यावर हे लक्षात आले. दुरुस्ती झाली, पण आठ दिवस घोर लागून राहिला. आपल्याकडे कित्येक भगिनींच्या कागदांवर दोन-दोन नावे असतात. म्हणून तिकीट काढण्याआधी सर्वांची आधार कार्डे टेबलावर मांडा आणि नाव अक्षरशः तसेच लिहा. देशांतर्गत सफरीसाठी आधार, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना किंवा पासपोर्ट यांपैकी मूळ कागद बरोबर हवा, नुसती झेरॉक्स चालत नाही. पॅन कार्डावर पत्ता नसतो, तेव्हा त्याच्यावर विसंबू नका. लहान मुलांचीही ओळखपत्रे लागतात. सहा महिन्यांच्या आतील बाळाला आणि गरोदरपणाचे चोवीस आठवडे झालेल्या भगिनीला बहुतेक कंपन्या जहाजावर घेत नाहीत.

सफरीच्या काही दिवस आधी मोबाईलवर 'वेब चेक-इन' करावे लागते. हे काम आमच्या मुलांनी केले. त्याच वेळी धक्क्यावर हजर राहण्याची वेळ ठरवून मिळते, तो कागद छापून घ्यावा.

पिंपरी ते बॅलार्ड पियर

एसटी चुकली तर पुढची मिळते. जहाज चुकले तर सारे पैसे बुडाले. जहाज सुटण्याच्या बरेच आधी प्रवेश बंद होतो, आणि आत बोलावण्याची वेळ बहुधा दुपारची असते. आम्ही चिंचवडहून सकाळची सिंहगड एक्सप्रेस धरली. ती दहाच्या सुमारास छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोहोचते. तेथून बॅलार्ड पियर सुमारे दोन किलोमीटर आहे. सामान असल्याने टॅक्सी केली. गाडी तास-दोन तास उशिरा आली असती तरी आम्ही वेळेत पोहोचलो असतो. अशी सवड ठेवूनच गाडी निवडावी.

चाकणच्या मंडळींनी मात्र सकाळी निघण्याच्या भरवशावर राहू नये. चाकणला रेल्वे नाही. तळेगाव चौकात कंटेनरांची रांग लागली की एक तासही जातो आणि दोनही. आमचे चाकणचे जोडपे आदल्या रात्रीच चिंचवडला आमच्याकडे मुक्कामाला आले. तिसरी पाळी करून थेट गाडी पकडायचा मोहही टाळा. जागरण झालेल्या माणसाला समुद्र जास्त लागतो.

सामान : एक पिशवी जवळ ठेवा

धक्क्यावर मोठी बॅग ताब्यात घेतात, तिला खोलीच्या क्रमांकाची चिठ्ठी बांधतात आणि ती आपल्या खोलीपाशी काही तासांनी येते. तोपर्यंत लागणाऱ्या वस्तू हातातल्या पिशवीतच हव्यात : ओळखपत्रे, पैसे, चष्मा, औषधे, डॉक्टरांची चिठ्ठी आणि एक जोड कपडे.

येथे पुन्हा बाबासाहेबांच्या चरित्रातील एक प्रसंग आठवतो. १९१७ मध्ये लंडनहून परतताना ते स्वतः एका बोटीने निघाले आणि त्यांचे सामान दुसऱ्या बोटीने पाठवले होते. महायुद्ध चालू होते. सामानाची बोट शत्रूच्या पाणबुडीने बुडवली आणि मोठ्या कष्टाने जमवलेली पुस्तके समुद्राच्या तळाशी गेली. थॉमस कुक कंपनीकडून ६०० रुपये भरपाई मिळाली, पुस्तके काही परत आली नाहीत. आपल्या बॅगेवर तसे संकट येणार नाही. पण जे पैशाने भरून येत नाही ते स्वतःजवळ ठेवावे, हा धडा आजही खरा आहे.

इस्त्री, पाणी तापवण्याची किटली, चाकू, काडेपेटी, मेणबत्ती, उदबत्ती आणि बाहेरची दारू जहाजावर नेऊ देत नाहीत. खाण्याचे पदार्थही बहुधा अडवतात. आमच्या एका मावशींच्या चंचीतील अडकित्ता तपासणीत निघाला. मावशी म्हणाल्या, "सुपारी काय दातानं फोडू?" अडकित्ता जमा करून पावती मिळाली आणि परतताना तो परत मिळाला. मध्यंतरी दोन दिवस मावशींचे पान सुटले, याचे श्रेय आम्ही जहाजालाच देतो.

जहाजावर

आत गेल्यावर खोलीपेक्षा, जेवणापेक्षा आधी एक गोष्ट बघा. जीवरक्षक जॅकेट कोठे आहे आणि संकटकाळी आपण कोठे जमायचे आहे. जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच सर्व प्रवाशांची कवायत घेतात. सात किंवा अधिक आखूड भोंगे आणि शेवटी एक लांब भोंगा, ही संकटाची खूण जगभर एकच आहे. अनेक जण ही कवायत कंटाळत करतात. तसे करू नका. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या किनाऱ्याजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' हे प्रचंड जहाज खडकावर आदळले आणि ३२ माणसे मेली. त्यातील बरेच प्रवासी त्याच दिवशी चढले होते आणि त्यांची कवायत झालेलीच नव्हती. त्यानंतर हे नियम कडक झाले. आपल्याकडचे दुःख तर याहून मोठे आहे. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीला जाणाऱ्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळून पुन्हा माणसे दगावली. भीती घालण्यासाठी हे लिहीत नाही. कारखान्यात आपण हेल्मेट घालतो तितक्याच सहजतेने हे करावे.

पोट डचमळणे हा बहुतेकांचा प्रश्न. डोळ्यांना खोली स्थिर दिसते आणि कानाच्या आतील तोल सांभाळणाऱ्या भागाला हालचाल जाणवते. या विसंगतीमुळे मळमळते. उपाय सोपे आहेत. खोली घेताना जहाजाच्या मध्यभागातील, खालच्या मजल्यावरची मागा, तेथे हेलकावा कमी असतो. मळमळ सुरू झाली तर मोकळ्या हवेत येऊन दूरच्या क्षितिजाकडे पाहा. पोट अगदी रिकामे ठेवू नका, अगदी भरूही नका. आलेपाकाच्या वड्या आमच्या कामी आल्या. गोळी घ्यायची असेल तर ती त्रास सुरू होण्यापूर्वी घ्यावी लागते. रक्तदाब व मधुमेहाच्या रुग्णांनी ती डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. जहाजावर डॉक्टर असतो, पण त्याचे पैसे वेगळे पडतात. ईएसआयचे कार्ड तेथे चालत नाही.

पैसे कोठे गळतात तेही सांगतो. मुख्य भोजनगृहातील जेवण-न्याहारी तिकिटात असते. पण थंड पेये, दारू, विशेष उपाहारगृहे, फोटो आणि इंटरनेट यांचे वेगळे बिल होते. जहाजावर रोख पैसे फारसे चालत नाहीत, खोलीच्या कार्डावर खर्च लिहिला जातो आणि शेवटी एकदम भरावा लागतो. हातातून नोट जात नसल्यामुळे खर्च झाल्याचे कळत नाही. आम्ही रोज रात्री त्या दिवसाचा खर्च तपासत होतो. जुगाराचा विभागही असतो, त्याच्या दारावरूनच परत फिरावे. किनारा दूर गेल्यावर मोबाईलची रेंज जाते. फोन 'एअरप्लेन मोड'वर ठेवा, नाहीतर जहाजाच्या उपग्रह जाळ्याला जोडला जाऊन मोठे बिल येऊ शकते. घरी आधीच सांगून ठेवा की दोन दिवस फोन लागणार नाही. नाहीतर घरचे घाबरतात.

एक गोष्ट मोकळेपणाने लिहायला हवी. पहिल्या दिवशी जेवायला जाताना आमच्यातील काही जण दारातच थबकले. टेबलावर काटे-चमचे, आत इंग्रजी बोलणारी माणसे. एक वहिनी म्हणाल्या, "आपण नंतर येऊ, गर्दी कमी झाल्यावर." तेव्हा अडकित्तेवाल्या मावशी पुढे झाल्या. म्हणाल्या, "पैसं भरल्यात ना? मग रांग कसली बघता?" त्यांनी ताट घेतले, वाढणाऱ्याला मराठीत विचारले, त्याने हिंदीत उत्तर दिले आणि काम झाले. हाताने जेवलो. कोणी वळूनही पाहिले नाही. आमचा संकोच आमच्याच डोक्यात होता.

उतरण्याच्या आदल्या रात्री मोठ्या बॅगा खोलीबाहेर ठेवायला सांगतात. सकाळी घालायचे कपडे त्यात टाकू नका. आमच्या एका बंधूंनी टाकले आणि ते रात्रीच्या पायजम्यावरच मुंबईत उतरले.

सर्व मिळून घरटी खर्च ३८,४०० रुपये झाला. ३,६०० रुपये उरले.

जे आले नाहीत त्यांच्याबद्दल

आम्ही सहा कुटुंबे होतो, पण गेलो पाच. अकराव्या महिन्यात ज्या आजींनी पहिला प्रश्न विचारला होता, त्यांच्याच मुलाचे चाकणचे कंत्राट संपले. त्या रविवारी त्याने वहीवर सही करून आपले जमलेले ३३,००० रुपये परत घेतले. शाळेची फी आणि घरभाडे थांबणार नव्हते. आम्ही बाकीच्यांनी वर्गणी काढून आजींचे तरी तिकीट काढू असे ठरवले. त्यांच्या घरी गेलो. आजींनी चहा केला आणि म्हणाल्या, "पोराचं काम गेलंय. तुमी पैसं घालनार, त्ये त्येच्या डोक्यावर बसनार. असल्या बोटीत मला झोप यायची न्हाई. तुमी जावा, बगून या, न् मला समदं सांगा."

जावे की न जावे यावर आमची मोठी चर्चा झाली. तिकिटे निघालेली होती, पैसे परत मिळणार नव्हते. शेवटी गेलो. खोटे कशाला सांगावे, पहिल्या रात्री डेकवर उभे असताना मुंबईचे दिवे मागे जात होते तेव्हा त्यांची आठवण आली आणि कोणी फार बोलले नाही.

परतल्यावर घरटी उरलेले ३,६०० रुपये वहीत तसेच ठेवले होते. त्यातून महिन्याभराने, एका गुरुवारी, आम्ही सहाही कुटुंबे मुलाबाळांसह भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गेलो. येथे मार्च २०२० पासून रो-रो बोट चालते, वाहनेही नेते आणि माणसेही. तासाभराचा प्रवास आहे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून हार्बर मार्गाने डॉकयार्ड रोड स्थानकावर उतरले की धक्का जवळ आहे. मांडव्याहून अलिबागला बस मिळते. सकाळी निघून रात्री घरी परत येता येते. आजींच्या मुलाला आम्ही आधीच सांगितले होते की ही वर्गणी नाही, ही ज्याने-त्याने आपल्या घरच्यांसाठी काढलेली सहल आहे. आपल्या घरच्या माणसांची तिकिटे त्याने स्वतः काढली. ती त्याला परवडली, आणि आम्हालाही मुलांचा रुसवा काढता आला.

बोट सुटली तेव्हा सगळी मुले कठड्याकडे धावली. आजी तिकडे गेल्या नाहीत. त्या बोटीवरच्या एका कर्मचाऱ्यापाशी गेल्या आणि त्याला विचारले, "बाळा, जाकिटं कुठं ठिवल्यात?" त्याने दाखवले. आजींनी नातवंडे मोजली, मग जाऊन खिडकीशी बसल्या आणि मांडवा येईपर्यंत पाण्याकडे पाहत राहिल्या. मांडव्याला उतरताना म्हणाल्या, "बसत्यात की आपल्यासारखी मानसं."

ज्यांना मोठ्या जहाजाने जायचे आहे त्यांनी अवश्य जावे, पण चौदा महिने आधी वही उघडून जावे. ज्यांना आज जमत नाही त्यांनी मांडव्याची बोट धरावी. समुद्र तोच आहे. आमच्या वहीत पुढच्या खेपेची पहिली नोंद याच महिन्यात झाली. आजींच्या मुलाला नवे काम लागले असून त्याचे नाव यादीत सर्वांत वर आहे.